मोडलेल्या तबकडीची जागा

मालवणकडील माडांची बाग पुष्कळदां चार भावांच्या सामाईक खात्यांत असते. दोघे मुंबईस नोकरीला, एक परदेशीं, एक घरीं. बाग कोणाची हें सांगणारा कागद म्हणजे सातबाराचा उतारा. पूर्वीं तो तलाठ्याच्या दफ्तरांत, कोंकणच्या दमट हवेंत, वाळवीच्या शेजारीं पडून असे. आतां तो संगणकावर गेला असून २०१८ पासून सहीनिशीं घरबसल्या मिळतो. वाळवीचें भय गेलें खरें. परंतु अशीं मोठीं दफ्तरें ज्या तबकड्यांवर, म्हणजे डिस्कांवर, ठेवितात, त्याहि एक दिवस बंद पडतात. मग त्यांवरील मजकूर कसा वांचतो?

१९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें रॅमॅक नांवाचें यंत्र काढलें. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्याभोंवतीं फिरत, आणि त्यांत मावत ५० लाख अक्षरें. पुढें कित्येक वर्षें एकच मोठें व महाग यंत्र घ्यावें, हीच रीत होती. १९८८ सालीं बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ ह्या तिघांनीं उलट सुचविलें: लहान, स्वस्त तबकड्या पुष्कळ जोडाव्या. अडचण हिशेबाची होती. एक तबकडी सरासरीनें ३०,००० तास टिकते असें धरलें, तर शंभरांतील एखादी ३०० तासांत, म्हणजे पंधरवड्याच्या आंतच, जाणार!

तोड जुन्या जमाखर्चासारखीच आहे. चौघां भावांच्या नारळांची गणती चार पानांवर लिहावी आणि पांचव्यावर एकूण बेरीज. एक पान फाटलें, तर बेरजेंतून उरलेले आंकडे वजा करून तें पुन्हां लिहितां येतें. यंत्र हेंच सम-विषमाच्या हिशेबानें करतें. काम न थांबवितां मोडकी तबकडी ओढून काढतात, नवी सरकवितात, आणि यंत्र बाकीच्या सर्व तबकड्या वाचून गेलेला मजकूर तिच्यावर उतरवितें.

खरा धोका ह्याच वेळीं असतो. मोठ्या तबकड्यांस हें काम पुरें होण्यास कित्येक तास, कधीं दिवसहि लागतात. तेवढ्यांत दुसरी गेली, तर एका बेरजेवरून दोन पानें परत मिळत नाहींत. २००७ सालीं बियांका श्रोडर आणि तेच गिब्सन ह्यांनीं सुमारें एक लाख तबकड्यांच्या नोंदी तपासल्या. कारखानदारांच्या आंकड्यांप्रमाणें वर्षाकाठीं शेंकडा फार तर ०.८८ बदलाव्या लागाव्या. प्रत्यक्षांत बहुधा २ ते ४, आणि कोठें कोठें १३ बदलल्या होत्या. शिवाय एकामागोमाग दुसरी जाण्याचा संभव मूळ हिशेबांत धरल्याहून पुष्कळ अधिक निघाला. आपलाच जुना हिशेब इतक्या वर्षांनीं स्वतः तपासून पाहणारे विद्वान थोडे! दोन बेरजा ठेवण्याची पद्धत त्यापूर्वींच निघाली होती. तिच्यांत दोन तबकड्या गेल्या तरी मजकूर राहतो.

ह्या युक्तीनें चुकीची नोंद मात्र सुधारत नाहीं. ती तितक्याच निष्ठेनें जपली जाते. तिच्यासाठीं दुसऱ्या गांवीं ठेवलेली जुनी प्रतच लागते. आणि मोडकीऐवजीं शेजारची चांगली तबकडी ओढली, तर एकीच्या दोन होतात. म्हणून जाणता कारागीर नुसत्या दिव्याच्या रंगावर विसंबत नाहीं. तबकडीवरील क्रमांक नोंदीशीं ताडून मगच तिला हात लावतो.