मेरिनोच्या अंगावरच्या वळ्या

हिवाळी कपड्यांमागच्या क्रौर्याचा विषय निघाला की बोट फरकडे जाते. फरसाठी जनावर मारावेच लागते. लोकर मात्र नुसती कातरून घेतात, म्हणून ती निर्दोष, असा आपला समज असतो. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो लोकरीचा इतिहास या समजाला धक्का देतो. तिथे कोकराच्या शेपटीभोवतालची कातडी कापून काढण्याची ‘म्यूल्सिंग’ नावाची पद्धत अनेक दशके चालत आली आहे. दोष मेंढीच्या अंगावर अंडी घालणाऱ्या माशीला दिला जातो. पण माशी निमित्त आहे. मूळ दुखणे माणसाने लोकरीच्या हव्यासापोटी मेंढीच्या अंगावर पैदा केलेल्या कातडीच्या वळ्यांत आहे.

मूळच्या स्पॅनिश वाणाच्या मेरिनो मेंढ्या 1797 मध्ये केप ऑफ गुड होपहून ऑस्ट्रेलियात पोहोचल्या. 1880 च्या दशकात अमेरिकेतल्या व्हरमाँट वाणाचे मेंढे पैदाशीसाठी मोठ्या प्रमाणावर आणले गेले. त्यांच्या गळ्याखाली, मांड्यांवर, शेपटीभोवती कातडीच्या जाड चुण्या असत. वळ्या जास्त म्हणजे कातडी जास्त, आणि कातडी जास्त म्हणजे लोकर जास्त, असा हिशेब होता. तो फसला. लोकरीच्या वाढलेल्या वजनात मेणचट चिकट द्रव्याचा वाटा मोठा निघाला, आणि वळीवळीतून कात्री फिरवताना कातडी कापली जाऊ लागली. पुढे अनेकांनी या वाणाकडे पाठ फिरवली. पण तोवर त्याचे रक्त कळपाकळपांत मिसळले होते. त्याच सुमारास बाहेरून आलेली ल्युसिलिया कुप्रिना ही माशी ऑस्ट्रेलियात पसरत होती. मूत आणि लेंड्यांनी सदा ओल्या राहणाऱ्या वळ्यांत ती अंडी घालते आणि अळ्या जिवंत मेंढीचे मांस खातात.

यावर जे. एच. डब्ल्यू. म्यूल्स या मेंढीपालकाने सुचवलेला उपाय 1930 च्या दशकात रूढ होऊ लागला. कोकराला पाळण्यासारख्या चौकटीत उताणे अडकवतात, मागचे पाय वर धरतात आणि कात्रीने शेपटीच्या दोन्ही बाजूंची कातडी पट्टीसारखी कापून काढतात. जखम भरली की तिथे लोकर नसलेला, ताणलेला, गुळगुळीत वण उरतो. तिथे ओल धरत नाही, म्हणून माशीही सहसा फिरकत नाही. कित्येक दशके हे सारे भूल न देताच होत असे. ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की 1931 मध्येच सेडन आणि बेल्शनर या संशोधकांनी वळ्या जास्त असलेल्या मेंढ्यांनाच या माशीचा उपद्रव अधिक होतो, हे दाखवून दिले होते. म्हणजे वळ्या नसलेली मेंढी निपजवण्याचा मार्ग तेव्हाच माहीत होता. कात्रीचा मार्ग झटपट होता, तो निवडला गेला.

मेंढीपालकांचा आक्षेप असा की अळ्यांनी पोखरून येणारे मरण त्या जखमेहून कितीतरी भयंकर असते. हे खरे आहे, आणि ते डोळ्यांनी पाहणारा माणूस निर्दय म्हणून कात्री उचलत नाही. पण हे दोनच पर्याय उरले, ते वळ्या तशाच ठेवल्यामुळे. दुसरा आक्षेप, आता जखम बधिर करणारे औषध मिळते. त्याचे स्वागतच करावे. मात्र औषधाचा अंमल तासांत मोजायचा आणि जखम भरायला काही आठवडे लागतात. तिसरा आक्षेप वेळेचा. वाण बदलायला वर्षे लागतात हे मान्य, पण 1931 पासून मेंढ्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियन लोकरीवर जागतिक बहिष्काराची हाक आल्यावर तिथल्या लोकर उद्योगाने 2010 पर्यंत ही पद्धत थांबवण्याचे वचन दिले आणि 2009 मध्ये ते मागे घेतले. न्यूझीलंडने मात्र 2018 मध्ये कायद्याने बंदी घातली. ऑस्ट्रेलियातही नितळ अंगाच्या मेरिनोंचे कळप पाळणारे लोक आहेत, आणि त्यांची लोकर विकली जाते.

आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि थोडी. तिची घोंगडी होते, तलम स्वेटर होत नाही. म्हणून मेरिनो सोडून सगळ्यांनी घोंगडी पांघरावी असे नाही. जनावर किती देईल याची हद्द त्याच्या सोसण्यावरून ठरावी, एवढेच म्हणणे आहे. मेरिनोच्या बाबतीत ती हद्द पैदाशीचा मेंढा निवडताना ओलांडली गेली, आणि दुरुस्तीही तिथूनच व्हायला हवी. मेरिनोचा स्वेटर घेणाऱ्याने ‘ही लोकर म्यूल्सिंगविना मिळवलेली आहे का’ एवढे विचारावे. मेंढा निवडणाऱ्यावर दुकानातल्या मागणीचाच दाब पडतो. वळ्यांचा वाणही जास्त लोकरीच्या मागणीतूनच आला होता.