विमानतळावरील ओळखपत्राची कुळकथा

अमेरिकेत देशांतर्गत विमानप्रवासाच्या तिकिटावर एकेकाळी कोणतेही नाव चालत असे. 24 नोव्हेंबर 1971 रोजी पोर्टलंडमध्ये एका माणसाने ‘डॅन कूपर’ या नावाने सिॲटलचे तिकीट घेतले, विमानाचे अपहरण केले, 2 लाख डॉलर उकळले आणि पॅराशूट बांधून उडी मारली. तो कोण होता, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. अपहरणांची लाट थोपवण्यासाठी जानेवारी 1973 पासून प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. शोध शस्त्राचा होता. प्रवाशाच्या नावागावाशी या तपासणीला कर्तव्य नव्हते.

ओळखपत्र आले 1995-96 च्या सुमारास. 17 जुलै 1996 रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे विमान न्यूयॉर्कहून निघताच हवेत फुटले आणि 230 जण गेले. घातपाताच्या संशयाने बंदोबस्त वाढला. पुढे कारण निघाले ते इंधनटाकीतील वाफेचा स्फोट. ओळखपत्राची अट मात्र टिकली. विमान कंपन्यांनाही ती सोयीची होती, कारण स्वस्तातले तिकीट दुसऱ्याला विकण्याची वाट तिने बंद केली.

11 सप्टेंबर 2001 चे 19 अपहरणकर्ते रीतसर तिकिटे काढून विमानांत चढले. त्यांतल्या दोघांची नावे परराष्ट्र खात्याच्या संशयितांच्या यादीत होती. विमान वाहतूक खात्याच्या उड्डाणबंदी यादीत तेव्हा जेमतेम 12 नावे होती आणि हे दोघे तिच्यात नव्हते. यादीच अपुरी, तर ओळखपत्र खरे असून काय उपयोग?

जॉन गिल्मोर या नागरी हक्क कार्यकर्त्यांनी ओळखपत्राची ही सक्ती न्यायालयात नेली. 2006 मध्ये ते हरले, पण मूळ आदेश कधी प्रसिद्धच झाला नव्हता, हे त्या खटल्यात उघड झाले. ओळखपत्र न दाखवणाऱ्याला जादा झडती देऊन जाता येत असे, हेही कळले. जून 2008 मध्ये मुद्दाम नकार देणाऱ्यांसाठी ही सवलत बंद झाली.

25 डिसेंबर 2009 रोजी उमर फारूक अब्दुलमुतल्लब स्वतःच्या नावाने, वैध व्हिसावर ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटच्या विमानात बसला. त्याच्या वडिलांनी अमेरिकी दूतावासाला आधीच सावध केले होते, तरी उड्डाणबंदी यादीत त्याचे नाव नव्हते. अंतर्वस्त्रातली स्फोटके धातुशोधकाला दिसली नाहीत. ती नीट पेटली नाहीत म्हणून विमान वाचले. त्यानंतर सर्वांगाची तपासणी करणारे स्कॅनर झपाट्याने बसवले गेले. ओळखपत्राची मदत होते ती यादीत आधीच नाव असलेला माणूस अडवण्यापुरती.