आमदाराच्या ताटातली हायब्रीडची भाकर

आबाजींच्या गोष्टींत दिल्ली यायची ती बापूजी अण्यांच्या मागोमाग. "अणेसायब दिल्लीहून आले अन् पुसदले सभा झाली," असं ते म्हणाले की आम्ही पोरं समजायचो, आजी जेवायला हाक मारेपर्यंत आता सुटका नाही. दिग्रसकडचं आमचं गाव. बाहेर छपरी, छपरीत बाज, बाजेवर आबाजी आणि त्यांच्या हातात अडकित्ता. सुपारी कातरायचा आवाज थांबला की मुद्द्याची गोष्ट आली, असं समजायचं.

बापूजी म्हणजे माधव श्रीहरी अणे, लोकनायक. मूळचे वणीचे, १८८० सालचा जन्म. यवतमाळात वकिली करायचे. लोकमान्यांचे पक्के अनुयायी. पुढे ते दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी झाले. त्यातही आमच्या मुलखाची एक गंमत होती, ती आबाजींनी मला किमान चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं. इंग्रजांनी ते १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतलेलं. म्हणजे आम्ही धड ब्रिटिश हिंदुस्थानातही नव्हतो. त्यामुळे वऱ्हाडचा माणूस इथे निवडणूक जिंकून जायचा आणि दिल्लीच्या दप्तरात त्याची नोंद मात्र सरकारने नेमलेला सभासद अशी व्हायची. "मत आपलं, शिक्का सायबाचा," असं म्हणून आबाजी हसायचे. पुढे काय तो अडकित्त्याचा आवाज.

दिल्लीत काय चाललंय ते गावात कळायला दोन वाटा होत्या. एक म्हणजे वर्तमानपत्र. यवतमाळात अण्यांनी १९१८ च्या सुमारास 'लोकमत' साप्ताहिक काढलं होतं, नाव लोकमान्यांनी दिलेलं. (आज जे दैनिक आपण चहाबरोबर वाचतो, त्याचं नाव तिथून आलेलं आहे. जवाहरलाल दर्डांनी ते स्वातंत्र्यानंतर पुन्हा सुरू केलं.) अंक गावात एखादाच यायचा, तोही शिळा. तो चावडीवर कुणीतरी मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे मध्येमध्ये अडवून आपापल्या शंका काढायचे. दुसरी वाट म्हणजे खुद्द नेता येऊन बोलायचा. आबाजींच्या मते दुसरी वाट खरी, कारण कागदाला उलटं विचारता येत नाही.

उलटं विचारायची आमच्याकडे सगळ्यांनाच खोड. १९३० साली देशभर मिठाचा कायदा मोडायचं चाललं होतं. यवतमाळ जिल्ह्यात समुद्र कुठला? इथल्या माणसाला कायदा नडत होता तो जंगलाचा. राखीव रानातलं गवत कापलं की गुन्हा, गुरं शिरली की कोंडवाडा. तेव्हा वऱ्हाडात मिठाऐवजी गवत असं ठरलं आणि १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात अण्यांनी विळा लावला, अटक झाली. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारांनी यवतमाळजवळ लोहाऱ्याला सत्याग्रह केला. पुस्तकांत हे सगळं वरून ठरल्यासारखं लिहिलेलं असतं. आबाजींच्या सांगण्यात ते खालून वर जायचं. सभेत दिल्लीचं बोलणं चाललं असताना एक म्हातारा उठला आणि म्हणाला, सायब, मीठ राहू द्या, माझ्या बैलाचं बोला. तो म्हातारा कोण, कुठल्या गावचा, हे दर वेळी बदलायचं. एकदा तो आमचा नातलगसुद्धा निघाला होता.

त्या दिवशी आपणही विळा घेऊन जंगलात होतो, असं आबाजी सांगायचे. विशीतले असतील ते. पण आजी आतून, चुलीपासून न उठता, म्हणायची, "काहीच नाही बापा. त्या दिवशी हे कारंज्याले मामाच्या घरी आंबे खाऊन राह्यले होते." जुलैत कुठले आंबे, असं आबाजी विचारायचे आणि वाद तिथेच अडकायचा. दोघंही गेली. आता निकाल कुणी द्यायचा?

बेचाळीसचीही एक गोष्ट. ती सांगताना आबाजींचा स्वर उतरायचा. अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आमच्याकडच्या पुष्कळांना ते रुचलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूरला उठाव झाला आणि मग पलटणीने बायकांवर जे अत्याचार केले, त्याबद्दल आजी दबक्या आवाजात एवढंच म्हणायची, "त्या सालची दिवाळी कोनी केली नाही." चौकशी करा, हे मागणं घेऊन सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी थेट दिल्लीला अण्यांच्या बंगल्यावर गेले आणि तिथेच उपोषणाला बसले. पुढे ते उपोषण सेवाग्राम, चिमूर असं फिरत ६३ दिवस चाललं. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपवास सुरू केला, तेव्हा अण्यांनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्याबरोबर राजीनामा दिला. इतिहासात कारण गांधीजींच्या उपवासाचं आहे. आबाजी मात्र ठासून सांगायचे की राजीनामा खरा लिहिला गेला तो भन्साळी दारात बसले त्या दिवशी. सही तेवढी नंतर झाली. याला पुरावा काही नाही. पण आपल्या माणसाबद्दल इतकं चांगलं वाटून घ्यायला आबाजींना पुराव्याची गरज वाटत नसे.

स्वराज्य आलं आणि प्रतिनिधी जवळचा झाला. पुसदहून १९५२ मध्ये वसंतराव नाईक निवडून आले. गहुलीचे, बंजारा घरातले, पुसदला वकिली केलेले. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर. काम असलं की लोक भाकरी बांधून निघायचे आणि कामाचं उत्तर घेऊन परत यायचे. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं आणि राजधानी एकदम समुद्रापाशी. आबाजींना हे कधीच पचलं नाही. आमदाराने मुंबईचं काही सांगितलं की ते म्हणायचे, "तिकडचं राहू द्या, तिथून इकडं दिसते का काही?" म्हाताऱ्या अण्यांनी वेगळ्या विदर्भाची बाजू घेतली आणि १९६२ साली नागपुरातून ते लोकसभेवर गेले, तेव्हा आबाजींनी, मतदारसंघ आपला नसतानाही, गावात पेढे वाटले. आजी म्हणायची पेढे नव्हते, गूळ-शेंगदाणे होते.

नाईकांची सभा मी लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहिली, असं मला वाटतं. सूट, हातात पाइप. की हे मी नंतर फोटोत पाहिलं? आत्याला मात्र पक्कं आठवतं की तांड्यावरच्या बाया पुढे आल्या तेव्हा ते त्यांच्याशी गोरमाटीत बोलायला लागले आणि बाकीची सभा तोंडाकडे बघत बसली. महसूलमंत्री असताना त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने जिल्हा परिषदांचा आराखडा दिला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. चांगलंच झालं ते. फक्त त्यानंतर आमदारांना एक सोयीचं उत्तर सापडलं: "रस्त्याचं झेडपीले विचारा."

माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं म्हणाल तर एक दुपार आहे, १९६६ च्या दसऱ्यानंतरची. आमच्या भागाचे आमदार जीपने आले. नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं इथेच नांदतात. छपरीत सतरंजी टाकली, गडव्यात पाणी आलं आणि साहेब देशाचं सांगायला लागले. अमेरिकेहून जहाजांनी धान्य येतंय. जूनमध्ये इंदिराबाईंनी रुपयाचं मोल कमी केलं. डॉलरला पावणेपाच रुपये पडायचे तिथे आता साडेसात. मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, मान डोलावत होते. आबाजींनी विचारलं, "मंग सरकीची ढेप काहून महागली?" साहेबांनी डॉलरवरून ढेपेपर्यंत यायचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण वाटेत कुठेतरी थांबले आणि म्हणाले, "जेवायचं बघा आता."

वर्षभरापूर्वी मुख्यमंत्री नाईकांनी पुण्यात शनिवारवाड्यावर सांगितलं होतं की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. त्यामुळे गावोगाव हायब्रीड ज्वारी. शंभरेक दिवसांत तयार होणारी, ठेंगणी, कणीस मोठं. उतारा गावरानाच्या कितीतरी पुढे. पण ती दाण्यावर यायची ऐन पावसात, आणि झड लागली की कणसावर बुरशी धरून दाणा काळा पडायचा. सरकारची लेव्ही होती, ती भरायला हायब्रीड. घरी खायला जपून ठेवलेली गावरान, असा घरोघरचा शिरस्ता.

पाहुण्याला गव्हाच्या पोळ्या, ही रीत. त्या दिवशी आजीने ताट वाढलं: वांग्याची भाजी, आंबाडी, जवसाची चटणी, कांदा, आणि हायब्रीडची भाकर. तीही गरम नव्हे, सकाळीच थापून ठेवलेली, कारण तव्यावरून उतरलेली कुठलीही भाकर गोडच लागते. आबाजींनी ताटाकडे पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. साहेबांनी भाकर मोडायला घेतली. ती मोडेना. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा वातड चामड्यासारखी सुटली. त्यांनी निमूटपणे रश्शात बुडवली, दोन घास खाल्ले.

दाराआडून, पदर डोक्यावर ओढून, आजी म्हणाली, "भाऊ, कशी आहे सरकारची जवारी?"

साहेब हुशार होते. "आई, पोट तर भरते ना पण?"

"पोट भरते. खोटं काहून बोलू? पण बैलाचं काय? आपल्या गावरानीचा कडबा माणसाहून उंच. हिचा कमरेएवढा. ढोरानं काय खावं?"

साहेबांनी हात धुतले, खिशातून डायरी काढली आणि उभ्याउभ्या काहीतरी लिहिलं. पुढच्या खेपेला आजीने विचारलंच, बोलले का भाऊ तिकडं? ते म्हणाले, बोललो. मुंबईच्या सभागृहात कडब्यावर कुणी बोललं की नाही, हे कामकाजाच्या इतिवृत्तात सापडेलही. मी ते काढून पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. एवढं मात्र खरं की त्या काळ्या दाण्याने पुष्कळ घरांची चूल विझू दिली नाही. आजीही हे नाकारत नसे. तिचं म्हणणं एवढंच की जे आम्हाला खायला सांगता ते एकदा तुम्हीही खा.

बहात्तरचा दुष्काळ आमच्याकडे मराठवाड्याइतका नव्हता, तरी खडी फोडायला गावची माणसं होती आणि सुकडीचा वास मला अजून आठवतो. त्याच साली कापसाची एकाधिकार खरेदी आली. नेत्यांनी ती छान समजावून सांगितली: व्यापारी नाही, दलाल नाही, सरकार हाच गिऱ्हाईक. मोठेबाबा ग्रेडरकडून चुकारा घेऊन आले तेव्हा हातात पहिला हप्ता होता आणि उरलेल्याची पावती. भाव बाहेर चढला की रात्रीच्या बंड्या पैनगंगेपलीकडे कशा जातात, याच्या गोष्टी त्या काळात फार रंगायच्या. सांगणाऱ्यांत आपला जावई नसला म्हणजे झालं, असं आत्या म्हणायची.

एक प्रश्न मात्र प्रत्येक सभेत निघायचा, रुपया असो की ज्वारी: रेल्वे. यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला होती, दारव्हा-कारंजा करत जाणारी, विलायती कंपनीच्या मालकीची. स्वातंत्र्यानंतरही तिची मालकी कंपनीकडेच राहिली. वाफेचं इंजिन १९९४ साली निघालं, डिझेल आलं, आणि मग काही वर्षांपूर्वी तीही थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग २००८ च्या सुमारास मंजूर झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान यवतमाळला आले तेव्हा वर्धा ते कळंब एवढ्या तुकड्याचं उद्घाटन झालं.

आत्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. ऐकू कमी येतं, त्यामुळे तिच्याशी बोलणारा आपोआप भाषणाच्या सुरात बोलतो. गेल्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला. सोबत कार्यकर्ते, मोबाइल, फुलं. त्याने केंद्राच्या योजनांची नावं घ्यायला सुरुवात केली. आत्याने हाताने थांबवलं.

"कळंबपर्यंत गाडी आली म्हणते ना रे? मंग दिग्रसले कधी?"

"लवकरच, आजी."

"लवकर म्हंजे? यंदाच्या पेरणीच्या पह्यले का मंग?"

त्याने मागे वळून कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्ता मोबाइलमध्ये पाहत होता.