रूळ गेले, वाट राहिली

नव्वदच्या दशकात आपल्या गावोगावच्या सायकल दुकानांत एक वेगळीच सायकल येऊन उभी राहिली. सरळ आडवं हँडल, जाड टायर, टायरवर ठसठशीत गुठळ्या. कंपनी कुठलीही असो, लोक तिला ‘रेंजर’ म्हणायचे. काळ्या उंच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून, अर्धंच पायडल मारत शिकलेल्या आम्हा पोरांना ती दुसऱ्याच जगातली वाटे. कुणा इंजिनिअरनं कारखान्यातल्या टेबलावर बसून ती आखली असणार, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पुढे तिचं मूळ शोधायला लागलो आणि मागे मागे जात एका डोंगराशी पोचलो. तिथल्या वाटा त्या सायकलीहून कितीतरी जुन्या निघाल्या.

हा डोंगर म्हणजे कॅलिफोर्नियातला माउंट तमालपायस. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरिन काउंटी लागते, तिथे तो उभा आहे. उंची ७८४ मीटर, म्हणजे साधारण माथेरानएवढी. पश्चिमेचे उतार थेट पॅसिफिकच्या किनाऱ्याला भिडतात, घळींमधून रेडवूडची गगनभेदी झाडं आणि उन्हाळ्याच्या सकाळी समुद्रावरून चढत येणारं दाट धुकं. नाव कोस्ट मिवॉक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं आहे. पश्चिमेचा किंवा किनाऱ्याचा डोंगर, असा त्याचा अर्थ सांगतात. इथे पहिली पावलं पडली ती त्यांची.

त्यानंतरची मोठी वाट लोखंडाची. १८९६ साली मिल व्हॅली गावापासून शिखराच्या जवळपर्यंत पर्यटकांसाठी रेल्वे बांधली गेली. लांबी सुमारे १३ किलोमीटर आणि वळणं २८१. ‘जगातली सर्वांत वाकडी रेल्वे’ अशी तिची जाहिरात व्हायची. एका जागी तर रूळ स्वतःभोवतीच असे वळत की एकाच उतारावर त्यांच्या पाच समांतर ओळी दिसत. एवढी वळणं घेण्याचं कारण साधं होतं: वाफेच्या इंजिनाला उभा चढ झेपत नाही. म्हणून शंभर फुटांना फार तर सात फूट, एवढाच चढ ठेवून डोंगराला वळसे घातले गेले. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याला फार महत्त्व येणार आहे.

१९०७ साली या रेल्वेची एक शाखा खाली रेडवूडच्या जंगलाकडे काढली. (आपली नेरळ-माथेरानची गाडी सुरू झाली तीही त्याच वर्षी.) ते जंगल रेल्वेच्या मालकांपैकी एक असलेल्या विल्यम केंट यांनी विकत घेतलं होतं. तिथे धरण बांधण्यासाठी एका पाणी कंपनीनं जमीन संपादन करायचा घाट घातला, तेव्हा केंट यांनी २९५ एकर जंगल सरळ केंद्र सरकारला दान केलं. ९ जानेवारी १९०८ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. तेच आजचं म्यूर वुड्स.

या रेल्वेतली मला सगळ्यात मोह घालणारी गोष्ट म्हणजे तिचे बिनइंजिनाचे डबे. वर इंजिन ढकलत न्यायचं, पण उतरताना प्रवासी उघड्या छोट्या डब्यांत बसत आणि ब्रेकवर हात ठेवलेल्या एका माणसाच्या भरवशावर, केवळ उताराच्या जोरावर, झाडीतून खाली येत. ना धूर, ना धडधड, नुसता चाकांचा आवाज आणि वारा. या डोंगरावरून चाकांवर घरंगळत येण्याचा आनंद माणसांनी सायकलीच्या कितीतरी आधी चाखला होता.

पुढे मोटारी आल्या, डोंगरावर मोटाररस्ता झाला. जुलै १९२९ मध्ये लागलेल्या वणव्यात मिल व्हॅलीतली शंभरहून अधिक घरं जळाली. आधीच प्रवासी कमी झालेल्या रेल्वेचं मग काही खरं उरलं नाही. १९३०मध्ये रूळ उखडून नेले. मागे राहिली ती डोंगराच्या कुशीत कोरलेली, सावकाश चढणारी मातीची पट्टी. लोक तिला आजही ‘ओल्ड रेलरोड ग्रेड’ म्हणतात.

वणव्यांच्या धास्तीतूनच दुसऱ्या जातीचे रस्ते आले. आपलं वनखातं जंगलात जाळरेषा काढतं, त्यांचेच हे रुंद भाऊबंद: आग विझवणाऱ्यांच्या गाड्या लवकर पोचाव्यात म्हणून काढलेले कच्चे रस्ते. त्यांना इंजिनाची दया नव्हती. ते डोंगराच्या धारेवरून सरळ वर जात आणि सरळ खाली कोसळत. शिवाय डोंगराचा बराच मोठा भाग १९१२ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थेच्या ताब्यात आला. तलावांत स्वच्छ पाणी यावं म्हणून तिनं पाणलोटात वस्ती होऊ दिली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या इतक्या जवळ एवढं रान उरलं, त्यामागे पिण्याच्या पाण्याची ही काळजी आहे.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी लार्कस्पर गावातल्या काही पोरांनी या रस्त्यांवर जुन्या सायकली आणायला सुरुवात केली. १९३३ साली शिकागोच्या श्विन कंपनीनं जाड फुगीर टायरची सायकल काढली होती. मजबूत, अवजड, वर्तमानपत्रं टाकणाऱ्या मुलांनी हाणावी अशी. चाळीस वर्षांनी त्या भंगारात पडल्या होत्या आणि चार-दोन डॉलरना मिळत. मडगार्ड आणि कॅरियर काढून टाकले की डोंगराची सायकल तयार. नाव पडलं ‘क्लंकर’, म्हणजे आपल्या भाषेत खटारा. वजन वीस किलोंच्या वर, गिअर नाही, ब्रेक एकच: पायडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या हबमध्ये लागणारा. त्यामुळे ती वर ढकलत न्यावी लागे किंवा कुणाच्या तरी ट्रकमधून.

१९७४ साली मिल व्हॅलीत एक सायकल शर्यत झाली. तिला कुपर्टिनोहून काही तरुण आले. आज कुपर्टिनो म्हटलं की मराठी माणसाला तिथं नोकरीला असलेला भाचा किंवा पुतण्या आठवतो. त्या तरुणांच्या जाड टायरच्या सायकलींना गिअर होते. मरिनच्या मुलांनी ते पाहिलं आणि थोड्याच दिवसांत गॅरी फिशर आणि त्याच्या मित्रांच्या खटाऱ्यांवरही गिअर चढले. इथे तो रेल्वेचा आकडा कामाला आला. वाफेच्या इंजिनाला झेपावा म्हणून ठेवलेला चढ गिअरवाल्या सायकलीवर बसलेल्या माणसालाही झेपत होता. माझ्या मते या सायकलीला आईबाप दोन आहेत. चढायला तिला रेल्वेच्या वाटेनं शिकवलं आणि उतरायला जाळरेषांनी.

उतरण्याच्या शिक्षणाचं ठिकाण म्हणजे फेअरफॅक्स गावाच्या पश्चिमेचा कॅस्केड कॅन्यन रस्ता. तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये सुमारे ४०० मीटर उतार, मध्ये खडी, चर, आंधळी वळणं. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस तापून त्याचा धूर निघे. पुन्हा उतरायचं तर हब उघडायचा, पुसायचा, नवं ग्रीस भरायचं. आपला सायकलवाला ज्याला ओव्हरऑइलिंग म्हणतो त्यातलाच हा प्रकार, फक्त प्रत्येक फेरीनंतर! ग्रीस ‘पुन्हा भरणं’ म्हणून त्या रस्त्याचंच नाव पडलं ‘रीपॅक’. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी चार्ली केली यांनी तिथे पहिली शर्यत भरवली. एकेकानं सुटायचं, घड्याळाशी झुंजायचं. त्या दिवशी न पडता खाली आला एकच जण, अ‍ॅलन बाँड्स, आणि तोच जिंकला. पुढच्या शर्यतींत फिशरनं ४ मिनिटं २२ सेकंदांची वेळ दिली, जो ब्रीझ त्याच्या मागे फक्त दोन सेकंद. हे सगळं आपल्याला दिसतं ते वेंडी क्रॅग हिच्यामुळे. ती स्वतः सायकल हाणायची आणि फोटोही काढायची. धुळीनं माखलेले चेहरे, जीन्स, पायात जड बूट.

रीपॅकवर जुन्या फ्रेमा मोडत. भंगारातला साठाही संपत आला. तेव्हा १९७७ साली जो ब्रीझनं या उतारासाठीच नवी फ्रेम जोडली, क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची. ‘ब्रीझर’ मालिकेतली ती पहिली सायकल आज स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. नंतरचा वेग थक्क करणारा आहे. १९७९मध्ये टॉम रिचीनं बनवलेल्या फ्रेमा घेऊन फिशर आणि केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाचा धंदा काढला. १९८१मध्ये ‘स्टम्पजंपर’ नावाची अशीच सायकल आली, ती जपानात मोठ्या संख्येनं बनू लागली आणि सायकल जगभर पोचली. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तिची शर्यत झाली. आमच्या गावातली रेंजर ही याच घराण्यातली.

पण खुद्द तमालपायसवर काय झालं, हे वाचताना मला वाईट वाटतं. ऐंशीच्या दशकात सायकली इतक्या वाढल्या की पायी फिरणारे आणि घोडेस्वार धास्तावले. वळणावर अचानक समोर येणारी सायकल, पावसाळ्यात चिरत जाणारी माती, या तक्रारी खोट्या नव्हत्या. अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली. काही वाटा नंतर नव्यानं आखून खुल्या झाल्या, समुद्राकडे उतरणारी डायस रिज त्यातलीच. तरी ज्या डोंगरानं ही सायकल घडवली, त्याच्या बहुतेक अरुंद पायवाटांवर तिला अजून मज्जाव आहे. चालणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं आणि सायकलवाल्यांचं दुःखही समजतं.

काही वर्षांपूर्वी भाच्याबरोबर मी ओल्ड रेलरोड ग्रेडवरून वर गेलो. साठीच्या जवळ आलेले गुडघे, भाड्याची सायकल. दम लागला, पण उतरून ढकलावी लागली नाही. शंभराला सातची मेहरबानी. वाटेत वेस्ट पॉइंट इन लागलं. रेल्वेनं १९०४ साली बांधलेलं हे लाकडी विश्रांतिगृह अजून उभं आहे आणि तिथे माणसं चालत नाहीतर सायकलनं येतात. रेल्वेचे प्रवासी इथे उतरून घोडागाडीत बसत आणि समुद्राकडे जात. तो रस्ता अजून आहे, नावही तेच: ओल्ड स्टेज रोड. आम्ही बाटल्यांत पाणी भरलं. खाली धुकं विरत होतं, त्यामागे समुद्राची कड दिसायला लागली. भाच्यानं विचारलं, “मामा, उतरायचं?” ब्रेक एकदा दाबून पाहिले आणि घोडागाडीच्या त्या रस्त्यावर सायकल वळवली.