चुनेगच्ची

‘चुना लावला’ म्हणजे फसवले, असे आपण बोलताना सहज म्हणतो. पण ज्यांनी खरोखर चुना लावला, त्यांची कामे शेकडो वर्षे उभी आहेत. पक्क्या बांधकामाला आपल्या भाषेत ‘चुनेगच्ची’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

आमच्या घाटनांदूरच्या काळ्या रानात चुनखडीचे खडे सापडतात. असा चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकले की तो फसफसून उकळतो आणि विरतो. मग त्यात वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून तो घाणीत मळायचा. घाणी म्हणजे गोल दगडी चर आणि त्यात बैलांनी ओढलेले दगडी चाक. आपल्या अनेक किल्ल्यांवर हे चाक आजही पडलेले दिसते. कुठे गूळ, कुठे बेलफळाचे पाणी, कुठे ताग मिसळत. ‘चुना’ हा शब्द संस्कृत चूर्णातून आला, तर ‘सुरखी’ फारसी सुर्खमधून. दोन्ही एकाच घाणीत मळले गेले.

तेव्हाच्या औरंगाबादेतला, आजच्या छत्रपती संभाजीनगरातला बीबी का मकबरा आठवा. सतराव्या शतकातल्या या वास्तूत संगमरवर आहे तो खालच्या भागात आणि घुमटाला. मधल्या काळ्या दगडावर आहे घोटलेला गिलावा आणि त्यातली नक्षी. तिच्या दरवाजावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय अशी दोन नावे शेजारी शेजारी आहेत.

चुन्याचे मर्म त्याच्या मऊपणात आहे. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश ओढून पुन्हा चुनखडी बनतो, तरी दगड-विटांच्या मानाने मऊच राहतो. भिंतीतली ओल त्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. झिजायची वेळ आली तर आधी तो झिजतो, वीट वाचते. १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. नव्या बांधकामाला ते उत्तम. पण जुन्या भिंतीत ते विटेपेक्षा कठीण ठरते आणि ओल कोंडून धरते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मराठवाड्याने दगडी भिंतींची धास्ती घेतली. पडलेली बहुतेक घरे मातीत रचलेल्या दगडांची, वर मातीच्या जड छताची होती. पण मातीतला दगड आणि चुन्यातला दगड, हा भेद त्या भीतीत कोण करणार? मीही केला नाही. आजोबांच्या हातच्या विटांच्या भिंतीतला चुना खरवडून मी दरजा सिमेंटने भरल्या. चार पावसाळ्यांत लोणा चढला. सिमेंटच्या दरजा फासळ्यांसारख्या वर राहिल्या आणि मधल्या विटा भुगा होऊन आत गेल्या.

शेवटी चुन्याचे काम येणारा एक म्हातारा गवंडी शोधला. त्याने हलक्या हाताने सिमेंट काढले, एका भाग चुन्याला तीन भाग वाळू-सुरखी धरली आणि कितीतरी दिवस ओली पोती टांगायला लावली. उरलेल्या विटा वाचल्या. गेलेल्या परत आल्या नाहीत.

गावोगावी आज देवळे, मशिदी, वेशी, वाडे दुरुस्त होत आहेत. जुनी भिंत खरोखर धोक्याची असेल, तर जाणत्या अभियंत्यालाच दाखवावी. पण सिमेंटचे पोते फोडण्याआधी दरजेत बोट घालून तिथे काय आहे एवढे तरी पाहावे. तिथे चुना असेल, तर त्याला चुन्याचीच जोड द्यावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)