हललेल्या फोटोची गोष्ट

दिवाळीला घरात चार माणसे जमली, की कपाटातले जुने आल्बम बाहेर पडतात. त्यात किनाऱ्यावरचा एखादा फोटो हटकून असा निघतो, की समुद्र कुठे संपला नि आकाश कुठे सुरू झाले ते कळू नये. "अरेरे, हात हलला!" म्हणून आपण पान उलटतो. वाचकहो, आज त्या पानावर क्षणभर थांबू या. या हललेल्या फोटोलाही इतिहास आहे.

छायाचित्रणाला जन्मापासून हालचालीचे वावडे. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र घेतले. रस्ता वाहता होता, पण चित्र उमटायला काही मिनिटे लागत. गाड्या, घोडे, माणसे सारी नाहीशी झाली. ठळक उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी उभा राहिलेला एक गृहस्थ!

मग पळभरही न थांबणाऱ्या समुद्राचे काय करावे? हा प्रश्न गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने अंगावर घेतला. त्या काळच्या काचांवर आकाश नीट आणावे तर समुद्र काळवंडे, समुद्र आणावा तर आकाश पांढरेफटक पडे. ल ग्रेने आकाशाची एक काच, समुद्राची दुसरी घेतली आणि दोन्ही क्षितिजाशी जुळवून एका कागदावर छापल्या. सेत बंदराजवळची त्याची 'मोठी लाट' १८५७ ची. लाट थोपली, तिला थोपवणारा मात्र कर्जापायी १८६० मध्ये पॅरिस सोडून गेला आणि १८८४ मध्ये कैरोत वारला. त्याच लाटेची एक प्रत १९९९ मध्ये लंडनच्या लिलावात पाच लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली.

१९११ च्या सुमारास इटलीत ब्रागाल्याने उलटा सूर लावला : गती थोपवायची कशाला, तिची वाटच उमटू द्या! १९१३ मध्ये फ्युचरिस्ट चित्रकारांनीच त्याला जाहीरपणे झिडकारले. पुढे व्हिएन्नाचा एर्न्स्ट हास आला. त्याच्या हातची रंगीत फिल्म फार मंद. धावता बैल तिच्यावर पुसट येई. हासने त्या उणिवेचेच सोने केले. शटर सावकाश ठेवून तो बैलाच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवू लागला. ती चित्रे १९५७ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात झळकली.

आज हीच युक्ती किनाऱ्यावर चालते. सांजवेळी भिंगाचे छिद्र बारीक करायचे, शटर पाव ते एक सेकंद उघडे ठेवायचे आणि तेवढ्यात कॅमेरा क्षितिजाला समांतर ओढायचा. होड्या, माणसे, खडक पुसले जातात. वाळू, फेस, पाणी आणि आकाश यांचे आडवे पट्टे तेवढे राहतात. माडाच्या बनात मात्र हात उभा फिरवावा लागतो, नाहीतर खोडेच विरून जातात.

"पण हा फोटो खरा कसा?" असे कोणी विचारील. ल ग्रेची ती रेखीव लाट आणि तिच्यावरचे ते आकाश एका क्षणी एकत्र कधी नव्हतेच. हा पुसट पट्टा मात्र एका सेकंदाचा, कसलीही जोड न दिलेला हिशेब आहे. तेव्हा आल्बममधला तो फोटो फेकू नका. काढणाऱ्याचा हात हलला खरा. पण समोरचा समुद्र तरी कुठे स्थिर होता?