दर्या की नदी?

भूगोलाच्या घटक चाचणीत एका मुलाने लिहिलं होतं : "पूर्णा ही गोदावरीला मिळणारी मोठी दर्या आहे." तपासणाऱ्याने लाल शाईने फुली मारली आणि बाजूला लिहिलं, "दर्या म्हणजे समुद्र. आपल्याकडे समुद्र कुठून आला?" पेपर वाटताना ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून तो मुलगा 'दर्यावाला' झाला आणि तासाला हात वर करायचा बंद झाला.

तपासणारा मीच होतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. शिक्षक कमी म्हणून भूगोलाचे तासही माझ्याकडे येतात. तो मुलगा सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकला आणि आठवीला आमच्याकडे आला. मी मराठीच्या डोक्याने पेपर तपासत होतो, त्यामुळे माझ्यातल्या उर्दू शिक्षकाला जाग आलीच नाही. ती आली महिनाभराने, सिद्धेश्वरला.

शाळेची सहल औंढा नागनाथकडून सिद्धेश्वर धरणावर गेली होती. पाऊस चांगला झालेला, पाणी डोळ्यांत मावत नव्हतं. मुलं ओरडत होती. तो एकटाच कठड्याजवळ उभा होता. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाला, "सर, उर्दू की किताब में तो दरिया इच लिखा था. हमारे सर ने भी वैसा इच पढ़ाया." मी गप्प झालो, कारण तो खरं बोलत होता. उर्दूच्या पुस्तकात गंगा दरिया आहे, सिंधू दरिया आहे आणि गोदावरीही दरियाच आहे.

घरी आल्यावर मी शब्दकोश काढून बसलो. जे सापडलं ते आधी त्या मुलाला सांगितलं, आता तुम्हाला सांगतो.

'दर्या' हा शब्द फारसीतून आला. आजच्या इराणात त्याचा अर्थ समुद्र. पण मध्य आशियाचा नकाशा पाहा : आमू दर्या, सीर दर्या. या दोन्ही नद्या आहेत. मोठ्या, वाहत्या पाण्याला दर्या म्हणायची रीत तिकडे होती. म्हणजे नदी आणि समुद्र, दोन्ही अर्थ फारसीच्या पोटातच होते. उत्तर हिंदुस्थानात हा शब्द रुजला तेव्हा लोकांसमोर सिंधू, झेलम, गंगा होत्या, समुद्र फार दूर होता. म्हणून उर्दूत दरिया म्हणजे नदी. मराठीत मात्र या शब्दाला कोकण मिळालं. तिथे बंदरं होती, गलबतं होती, खलाशी होते. म्हणून मराठीत दर्या म्हणजे समुद्र. शिवाजी महाराजांच्या आरमारात 'दर्यासारंग' हा किताब होता आणि त्याच आरमारात दौलतखान हा मोठा अधिकारी होता. १६७९ साली खांदेरीच्या बेटावरून इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा मायनाक भंडारी आणि दौलतखान दोघेही त्या पाण्यावर होते. आज कोळीगीतांत जो दर्या येतो, तो तेव्हापासूनच आपला आहे. 'बंदर' हा शब्दही फारसीच.

असंच 'नहर'चं झालं. अरबीत नहर म्हणजे नदी, उर्दूत नहर म्हणजे कालवा. मलिक अंबरने खडकी शहर वसवलं आणि तिथे जमिनीखालून पाणी आणलं, ती नहर-ए-अंबरी. पुढे खडकीचं औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. अरबस्तानातला माणूस 'नहर' ऐकून नदी शोधत येईल आणि त्याला सापडेल मातीच्या नळांची आणि भुयारांची रचना. त्याला कुणी हसणार नाही. शब्द प्रवासात अर्थ बदलतो, हे आपण मोठ्यांच्या बाबतीत समजून घेतो. आठवीतल्या पोराच्या बाबतीत घेत नाही.

मग मी भूगोलाचे बाकीचे शब्दही दोन्ही भाषांतून लावून पाहिले. इतकी वर्षं शिकवतोय, पण हे शब्द शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला मराठीत भूशिर म्हणतात, म्हणजे जमिनीचं डोकं. उर्दूत त्याला 'रास' म्हणतात. रास हा अरबी शब्द, अर्थ डोकं. इंग्रजी 'केप' ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचाही अर्थ डोकंच.

तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या भूमीला मराठीत द्वीपकल्प म्हणतात. इथला 'कल्प' म्हणजे कल्पना नव्हे. संस्कृतात हा प्रत्यय 'जवळजवळ, पण पूर्ण नाही' अशा अर्थाने लागतो; मृतकल्प म्हणजे मेल्यात जमा. द्वीपकल्प म्हणजे जवळजवळ बेट. उर्दूत जज़ीरा-नुमा, म्हणजे बेटासारखं. लॅटिनमध्येही अगदी हेच : जवळजवळ बेट.

'जज़ीरा' तर आपल्या घरातलाच. मुरुडचा जंजिरा त्यावरूनच आला. त्याचं मूळ 'जज़्र', म्हणजे ओहोटी, पाणी मागे हटणं. हालींच्या मुसद्दसचं पूरं नाव 'मद्द-ओ-जज़्र-ए-इस्लाम' आहे, म्हणजे इस्लामची भरती-ओहोटी. त्यातला जज़्र आणि जंजिरा एकाच घरचे. हे नाव शेकडो वेळा घेऊनही मला कधी मुरुड आठवलं नव्हतं.

आता द्वीप. द्वि आणि अप्, दोन्हीकडे पाणी. आणि उर्दूतला दोआब? दो आणि आब, दोन पाणी. संस्कृत 'अप्' आणि फारसी 'आब' हे एकाच जुन्या कुळातले शब्द आहेत. म्हणजे द्वीप आणि दोआब यांच्या विटा त्याच, घरं वेगळी. एकात बेट राहतं, दुसऱ्यात दोन नद्यांमधली जमीन, जसा कृष्णा आणि तुंगभद्रेमधला रायचूरचा दोआब. गंमत म्हणजे अरबीने दोन्ही घरं एकच केली. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांमधल्या उत्तरेकडच्या मुलखाला अरब 'अल-जज़ीरा' म्हणत. अरबस्तान हे द्वीपकल्प, तेही जज़ीराच. अल-बिरूनीने सुमारे १०३० साली हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यात तो आपल्या वाचकांना समजावतो की हिंदूंच्या भाषेत द्वीप म्हणजे जज़ीरा. हजार वर्षांपूर्वी एक परका माणूस दोन भाषांचे शब्द शेजारी ठेवून बसला होता. मी मात्र लाल पेन घेऊन बसलो होतो.

सामुद्रधुनीला उर्दूत आबनाए आणि संयोगभूमीला खाकनाए म्हणतात. 'नाए' म्हणजे बांबूची नळी, बासरी, गळाही. पाण्याची नळी आणि मातीची नळी. एकदा ऐकलं की मूल विसरत नाही. 'धुनी' म्हणजे नदी. सामुद्रधुनी म्हणजे समुद्राची नदी. हेही मुलांना सांगावं लागतं, पण आम्ही सांगत नाही, फक्त पाठ करून घेतो. संयोगभूमीला अरबीत बर्ज़ख़ही म्हणतात. मृत्यू आणि कयामत यांच्यामधला मुक्काम म्हणून आपल्याला माहीत असलेला तोच शब्द. दोहोंच्या मधला पट्टा, एवढाच मूळ अर्थ.

हे शब्द पुस्तकात आले कसे, हाही आपल्याच मुलखाचा इतिहास आहे. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९१७ साली उस्मानिया विद्यापीठाचं फर्मान निघालं. सगळं उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचं ठरलं आणि त्यासाठी त्याच वर्षी दारुत-तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, उभा राहिला. वैद्यक, गणित, इतिहास, भूगोल या सगळ्यांसाठी तिथे उर्दू संज्ञा ठरवल्या गेल्या. वहीदुद्दीन सलीम यांनी संज्ञा कशा घडवाव्यात यावर 'वज़-ए-इस्तिलाहात' नावाचं पुस्तकच लिहिलं. एका हिंदुस्थानी भाषेत आधुनिक विद्या शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि उर्दूच्या शिक्षकाला त्याचा अभिमान वाटणं साहजिक आहे.

पण मराठवाड्याच्या माणसाने या कहाणीची दुसरी बाजू लपवू नये. त्याच काळात इथल्या मराठी घरातल्या मुलाला गावाची शाळा सोडून पुढे शिकायचं तर उर्दूतच शिकावं लागे. घरात बोलायचं बेट आणि पेपरात लिहायचं जज़ीरा. काहींनी त्यातून सोनं केलं. सेतुमाधवराव पगडी उस्मानियात शिकले आणि उर्दू-फारसी साधनांतून त्यांनी मराठीला इतिहास दिला. पण किती मुलं वर्गात हात वर करायचे थांबले असतील, त्यांची नोंद कुणी ठेवली? १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं, उस्मानियातलं उर्दू माध्यमही पुढे गेलं. १९६० साली महाराष्ट्र झाला, भाषा संचालनालय आलं, मराठी परिभाषा कोश तयार झाले. १९६७ ला बालभारती स्थापन झाली आणि आज ती मराठीबरोबर उर्दूतही भूगोलाची पुस्तकं छापते. नकाशा तोच असतो, त्यावरची नावं दोन असतात.

तेव्हा मराठी मुलगा उर्दूच्या वर्गात अडखळायचा, आज उर्दूतून आलेला मुलगा मराठीच्या वर्गात अडखळतो. त्या काळाचा अन्याय सांगताना आपला आवाज चढतो. मग आपल्या हातून तोच होत असेल तर निदान पेन तरी थांबलं पाहिजे. मराठी त्याला नीट आलीच पाहिजे, त्यात सूट नाही. परीक्षेत पूर्णा ही नदीच लिहावी लागेल. पण 'चूक' आणि 'दुसऱ्या भाषेतलं बरोबर' यांतला फरक शिक्षकाला कळला पाहिजे.

पुढच्या तासाला मी वर्गासमोर सांगितलं की त्या दिवशी चूक माझी होती. फळ्यावर दोन रकाने आखले आणि त्याला म्हटलं, "बेटा, उर्दूचा रकाना तू भर." तो आधी लाजला, मग त्याने आठ शब्द लिहिले. जलाशयासमोर लिहिलं 'ज़ख़ीरा-ए-आब'. जलाशय म्हणजे पाण्याचा निवारा आणि ज़ख़ीरा म्हणजे साठा. मराठी मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मग आम्ही नकाशा उघडला. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, येलदरीत अडते, तिथून वीज देऊन सिद्धेश्वरला येते. १९६८ साली पूर्ण झालेला हा मातीचा बांध सहा किलोमीटरहून लांब आहे. इथून कालवे निघतात आणि उरलेलं पाणी परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळतं. विदर्भातली दुसरी पूर्णा मात्र पश्चिमेला तापीकडे जाते. नाव एक, वाट वेगळी. आमच्या हिंगोली शहराजवळची कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा पुढे प्राणहिता होऊन सिरोंच्याजवळ गोदावरीला.

त्याने बोटाने दोन्ही वाटा गिरवल्या आणि विचारलं, "सर, म्हणजे कयाधूचं पाणी आणि पूर्णेचं पाणी शेवटी एकाच नदीत जातं?"

पूर्ण मराठीत विचारलं होतं. हातही वर होता.